एका वाक्याची उलटतपासणी

संशोधन प्रस्तावाच्या माझ्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं : ‘द लार्क असेंडिंग’ ही ब्रिटिश श्रोत्यांची सर्वात आवडती अभिजात रचना आहे. वाक्य मला फार आवडलं होतं. छोटं, ठाम, शिवाय मागे लाखो मतांचा आधार. गाईड मॅडमनी त्याखाली पेन्सिलनं रेघ मारली आणि समासात लिहिलं, “यातला एकेक शब्द सिद्ध करून दाखव.” मी दोन दिवस घुश्शात होते. तिसऱ्या दिवशी खरंच एकेक शब्द घेऊन बसले, आणि महिन्याभरानं लक्षात आलं की त्या वाक्यातलं जेमतेम रचनेचं नाव तेवढं शाबूत उरलंय.

तुमच्यापैकी बरेच जण पेट देऊन प्रस्ताव लिहायला बसले असाल. विषय संगीत नसेल, पण अशी वाक्यं तुमच्याही मसुद्यात असणार. म्हणून ही उलटतपासणी तुमच्यासमोर मांडते.

आधी थोडी पार्श्वभूमी. इथे अभिजात संगीत म्हणजे पाश्चात्त्य अभिजात संगीत. ब्रिटनमध्ये ‘क्लासिक एफएम’ नावाचं खासगी रेडिओ केंद्र ७ सप्टेंबर १९९२ रोजी सुरू झालं. १९९६पासून ते दरवर्षी श्रोत्यांना आपापल्या आवडीच्या तीन रचना कळवायला सांगतं. सगळ्या मतांची बेरीज होते, ३०० रचनांची क्रमवारी लागते, आणि ईस्टरच्या सुट्टीत ती तळापासून पहिल्या क्रमांकापर्यंत वाजवली जाते. या यादीला ते ‘हॉल ऑफ फेम’ म्हणतात. ऑस्ट्रेलियात एबीसीच्या अभिजात संगीत वाहिनीनं २००१पासून ‘क्लासिक १००’ हा असाच उपक्रम चालवला. तिथे विषय बदलत राहतो. २००९मध्ये फक्त सिंफनींसाठी मतं मागवली होती आणि ड्वोर्झाकची नववी सिंफनी पहिली आली. मी मात्र इथे क्लासिक एफएमच्या यादीपुरतंच बोलणार आहे. आता माझं वाक्य घेऊ.

पहिला शब्द : श्रोत्यांची

कोणते श्रोते? ज्यांनी मत कळवलं ते. हे इतकं उघड आहे की आपण ते विसरतो.

झुमरीतलैया आठवतंय का? नसेल तर घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. आज झारखंडमध्ये असलेलं हे छोटं गाव रेडिओ सिलोन आणि विविध भारतीच्या फर्माइशींमुळे देशभर माहीत झालं. गाण्याच्या आधी फर्माइश करणाऱ्यांची नावं वाचली जायची, त्यात झुमरीतलैया हमखास असायचं. याचा अर्थ तिथल्या माणसांना नागपूर-नाशिकच्या माणसांपेक्षा गाणी जास्त आवडायची असा होतो का? नाही. ते पोस्टकार्डं जास्त लिहायचे, एवढाच होतो. निवेदकाकडे आलेल्या पोस्टकार्डांच्या ढिगावरून त्याला ढिगाबद्दल सांगता येईल. ज्यांनी पोस्टकार्ड लिहिलंच नाही, त्या कोट्यवधी श्रोत्यांबद्दल तो ढीग गप्प असतो.

संशोधन पद्धतीच्या भाषेत याला स्वयंनिवड नमुना म्हणतात. इथे नमुना संशोधक निवडत नाही, लोक स्वतःच नमुन्यात येतात. आणि जे येतात ते न येणाऱ्यांपेक्षा बहुधा वेगळे असतात. त्यांना वेळ असतो, आवड तीव्र असते, किंवा कुणीतरी त्यांना “मत दे रे” म्हणून गळ घातलेली असते.

इथे माझा युक्तिवाद होता की मतं लाखाच्या घरात आहेत, तेव्हा चूक आपोआप कमी होईल. हा भ्रम १९३६मध्येच फुटला आहे. अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकानं अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, त्यातल्या सुमारे २३ लाख परत आल्या. त्यावरून त्यांनी लँडन जिंकणार असं सांगितलं. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८पैकी ४६ राज्यं जिंकली. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी छोट्या नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला होता. नमुना तिरका असेल तर तो मोठा केल्यानं सरळ होत नाही. उलट मोठ्या आकड्यामुळे आपला तिरक्या उत्तरावरचा विश्वास वाढतो.

हॉल ऑफ फेममध्ये हे २०१२ आणि २०१३मध्ये ढळढळीत दिसलं. व्हिडिओ गेमच्या चाहत्यांनी समाजमाध्यमांवर मोहीम चालवली. २०१२मध्ये ‘फायनल फँटसी ७’मधली एक धून १६व्या क्रमांकावर आली. पुढच्या वर्षी नोबुओ उएमात्सु यांचं ‘फायनल फँटसी’चं संगीत तिसरं आणि जेरेमी सोल यांचं ‘एल्डर स्क्रोल्स’चं संगीत पाचवं आलं. हा गैरप्रकार झाला, अशी माझी पहिली प्रतिक्रिया होती. मग वाटलं, गैरप्रकार कुठला? त्या मुलांना ते संगीत खरंच आवडत होतं आणि मत द्यायला कुणालाच बंदी नव्हती. ऑर्केस्ट्राचं संगीत गेम खेळता खेळता ऐकलेली एक पिढी होती. आधीच्या पंधरा वर्षांच्या याद्यांवरून तिची गंधवार्ताही लागली नसती. मोहिमेनं यादी बिघडली म्हणणाऱ्यानं आधी सांगावं की मोहीम नव्हती तेव्हा ती कोणत्या अर्थानं ‘बरोबर’ होती.

दुसरा शब्द : सर्वात

पहिला क्रमांक म्हणजे किती आवड? आपल्यासमोर येते ती क्रमवारी. एक हिशेब करून पाहा. आकडे माझ्या कल्पनेतले आहेत. समजा १००० श्रोत्यांनी प्रत्येकी ३ मतं दिली, म्हणजे एकूण ३००० मतं. ती ३०० रचनांत वाटली गेली, तर एका रचनेच्या वाट्याला सरासरी १० येतात. आता पहिल्या रचनेला ९० मतं पडली असं धरा. सरासरीच्या नऊपट, दणदणीत विजय! तरीही १०००पैकी ९१० लोकांनी तिचं नाव आपल्या पहिल्या तिनांत घेतलेलं नाही. तळाकडे तर २१०व्या आणि २४०व्या रचनेत एखाद्या मताचाच फरक असू शकेल. मग ‘अमुक रचना तीस क्रमांकांनी घसरली’ या बातमीला काय अर्थ उरतो? क्रमवारीत अंतरं पुसली जातात. ज्या यादीत क्रमांक आहेत पण मतं दिसत नाहीत, तिच्यावरून ‘किती’ या प्रश्नाचं उत्तर काढता येत नाही.

दुसरी गोम मतविभागणीची. १९९६ ते २००० अशी पहिली पाच वर्षं माक्स ब्रुख यांचा पहिला व्हायोलिन कन्चेर्टो या यादीत पहिला होता. म्हणजे लोकांना बीथोव्हनपेक्षा ब्रुख मोठे वाटत होते का? तसं मुळीच नाही. ब्रुख आवडणारा माणूस बहुतेक वेळा डोळे मिटून हाच कन्चेर्टो सांगणार. ब्रुख यांनी आणखी दोन व्हायोलिन कन्चेर्टो लिहिले होते आणि जो तो पहिलाच वाजवतो म्हणून ते हयातीतच वैतागले होते. याउलट बीथोव्हनवर जीव असणारा एक जण पाचवी सिंफनी लिहितो, दुसरा सहावी, तिसरा नववी, चौथा ‘एम्परर’ पियानो कन्चेर्टो. हायडनच्या तर क्रमांक दिलेल्याच १०४ सिंफनी आहेत. त्याच्या चाहत्यांची मतं किती वाटांनी फुटणार! आपल्याकडे एकाच विचाराचे चार उमेदवार उभे राहिले की पाचवा निवडून येतो, हे शेंबडं पोरही सांगेल. संगीताची यादी वाचताना मात्र हे भान सुटतं.

तिसरा शब्द : आवडती

माणसाला मत द्यायचं तर नाव आठवावं लागतं, आणि नाव आठवायचं तर ते कानावर पडलेलं असावं लागतं. म्हणजे ‘आवड’ मोजतोय असं म्हणत आपण निदान अंशतः ‘ओळख’ मोजत असतो. आणि ही ओळख करून कोण देतं? ज्यांची मतचाचणी, तेच रेडिओ केंद्र.

याचं उत्तम उदाहरण पोलंडचे संगीतकार हेन्रिक गोरेत्स्की यांची तिसरी सिंफनी. ती १९७६मध्ये लिहिली गेली आणि १९७७मध्ये पहिल्यांदा वाजली. पुढची पंधरा वर्षं जाणकारांच्या वर्तुळाबाहेर तिला फारसं कुणी ओळखत नव्हतं. १९९२मध्ये डॉन अपशॉ यांचा आवाज आणि लंडन सिंफोनिएटाचं वादन असलेली तिची ध्वनिमुद्रिका आली. नव्यानं सुरू झालेल्या क्लासिक एफएमनं ती पुन्हा पुन्हा वाजवली. १९९३मध्ये ती ब्रिटनच्या सर्वसाधारण अल्बम यादीत, म्हणजे पॉप गायकांच्या रांगेत, सहाव्या स्थानापर्यंत पोचली. पुढे जगभरात तिच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. सिंफनीतला एक स्वरही बदलला नव्हता. बदललं होतं ते तिचं लोकांपर्यंत पोचणं.

पण थांबा, इथेच घाई होते. ‘म्हणजे रेडिओ वाजवेल ते लोकांना आवडतं’ असा निष्कर्ष मी लगेच काढला होता आणि तोही चुकीचा होता. रेडिओनं इतरही शेकडो रचना वाजवल्या, त्या सगळ्या काही खपल्या नाहीत. या गुंत्यावर सॅल्गॅनिक, डॉड्स आणि वॉट्स यांचा २००६मधला प्रयोग वाचाच. त्यांनी अनोळखी बँडची ४८ गाणी इंटरनेटवर ठेवली आणि १४,३४१ लोकांना ती ऐकायला दिली. काहींना फक्त गाणी दिसत होती. इतरांना आठ वेगवेगळ्या ‘जगांत’ विभागलं होतं आणि तिथे आपल्या जगातल्या आधीच्या लोकांनी कोणतं गाणं किती वेळा उतरवून घेतलं हे दिसत होतं. दुसऱ्यांची निवड दिसू लागताच लोकप्रिय गाणी अधिकच लोकप्रिय झाली, आणि कोणतं गाणं वर जाईल हे जगागणिक बदललं. एकट्यानं ऐकणाऱ्यांना जी गाणी सर्वात चांगली वाटली होती ती कुठेच अगदी तळाला गेली नाहीत, जी सर्वात वाईट वाटली ती क्वचितच वर आली, पण मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. म्हणजे दर्जाचा हात असतो आणि योगायोगाचाही असतो. अंतिम यादी हातात घेऊन कुणाचा वाटा किती ते सांगता येत नाही.

आता यादीत नसलेल्यांकडे बघा. फ्लोरेन्स प्राइस या अमेरिकी संगीतकार. १९३३मध्ये शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्रानं त्यांची पहिली सिंफनी वाजवली. एखाद्या कृष्णवर्णीय स्त्रीची सिंफनी अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्रानं वाजवण्याची ती पहिली वेळ. १९५३मध्ये त्या गेल्या. २००९मध्ये इलिनॉयमधल्या एका पडीक घरात त्यांच्या हस्तलिखितांची खोकी सापडली, त्यात दोन व्हायोलिन कन्चेर्टो होते. ब्रुखचा कन्चेर्टो सलग पाच वर्षं पहिला येत होता, तेव्हा हे दोन कन्चेर्टो गळक्या छपराच्या घरात पडून होते. त्यांना शून्य मतं पडली. ही नापसंती म्हणायची का? यादीबाहेर असणं आणि नाकारलं जाणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि मतचाचणीत तो दिसत नाही. माझ्या मते या याद्यांचा खरा धोका हाच आहे. जे कधी वाजलंच नाही ते ‘लोकांना नको होतं’ असं म्हणायला त्या आयता पुरावा देतात.

चौथा शब्द : रचना

या शब्दावर मी विचारच केला नव्हता. तो आपोआप आला होता. लीडिया गेर यांचं १९९२मधलं पुस्तक वाचल्यावर डोळे उघडले. संगीतकाराच्या नावावरची, पूर्ण झालेली, वादकापासून वेगळी काढता येणारी ‘कृती’ ही कल्पना युरोपातही साधारण १८००च्या सुमारास पक्की झाली, असं त्यांचं प्रतिपादन आहे.

पटत नसेल तर सवाई गंधर्व महोत्सवाहून घरी निघालेल्या एखाद्या रसिकाला विचारा, “तुमच्या आवडीच्या तीन रचना सांगा.” तो आधी तुमच्याकडे बघतच राहील. मग म्हणेल, “किशोरीताईंचा भूप.” आता हे मत कुणाला द्यायचं? भूप रागाला, ‘सहेला रे’ या बंदिशीला, किशोरीताईंना, की त्या एका ध्वनिमुद्रणाला? आपल्या संगीतात असा तक्ता मांडायचा म्हटलं तर पहिल्याच रकान्यात काय लिहायचं यावर अडायला होतं.

पाश्चात्त्य संगीतात हा रकाना भरलेला दिसतो, म्हणून प्रश्न संपत नाही. एल्गार यांचा चेलो कन्चेर्टो कित्येकांच्या मनात जॅकलिन दु प्रे यांच्या १९६५च्या ध्वनिमुद्रणाशी जोडला गेला आहे. त्यांचं मत मात्र एल्गार यांच्या खात्यावर जमा होतं. मोजण्याचं एककही सगळीकडे सारखं नाही. बीथोव्हनची प्रत्येक सिंफनी वेगळी मोजली जाते, पण २०१३च्या यादीत ‘फायनल फँटसी’चे सगळे गेम मिळून एकच नोंद होती. एकीकडे एकेक आंबा आणि दुसरीकडे अख्खी पेटी मोजून ‘कोण जास्त’ असं विचारण्यासारखं हे झालं.

पाचवा शब्द : आहे

सर्वात निरुपद्रवी वाटणारा शब्द. पण पहिला क्रमांक कुणाकडे होता ते बघा. १९९६ ते २००० ब्रुख. २००१ ते २००५ रॅखमनिनॉव्ह यांचा दुसरा पियानो कन्चेर्टो. २००६मध्ये मोझार्टचा क्लॅरिनेट कन्चेर्टो. २००७ ते २०१० व्हॉन विल्यम्स यांची ‘द लार्क असेंडिंग’. २०११ ते २०१३ पुन्हा रॅखमनिनॉव्ह. २०१४ ते २०१७ पुन्हा ‘लार्क’. २०१८मध्ये चायकोव्हस्की यांचं ‘१८१२’. २०१९मध्ये परत ‘लार्क’.

या ओळीत दोन गोष्टी दिसतात. एक, जी रचना पहिली येते ती बऱ्याचदा काही वर्षं हलत नाही. पहिली आली म्हणून गाजते, गाजली म्हणून आठवते, आठवली म्हणून पुन्हा मत मिळतं, असं चक्र असू शकेल. मी ‘असू शकेल’ म्हणतेय. ओळीशी हे स्पष्टीकरण जुळतं, पण जुळणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे. दोन, २००६ हे मोझार्टच्या जन्माचं २५०वं वर्ष होतं. त्या वर्षी सगळीकडे मोझार्ट वाजत होता आणि नेमका त्याच वर्षी तो पहिला आला. मग ‘आहे’ म्हणजे कधी? कोणत्या वर्षी, आजूबाजूला काय वाजत असताना?

मग ही यादी टाकून द्यायची?

माझा दुसरा मसुदा तसाच होता. सगळे दोष दाखवून झाल्यावर मी लिहिलं होतं की अशा मतचाचण्यांना संशोधनमूल्य नाही. मॅडमनी तिथेही रेघ मारली. त्यांचं म्हणणं होतं की पुरावा वाईट नसतो, त्याला चुकीचा प्रश्न विचारलेला असतो. मला ते पटलं. तुच्छतेनं नाक मुरडणं ही समीक्षा नव्हे. जाणकारांनी बसून केलेल्या ‘थोर रचनां’च्या याद्याही आकाशातून पडत नाहीत. त्यांनी काय ऐकलं, कुणाकडे शिकले, हे त्यांतही उतरतंच. निदान मतचाचणी आपली पद्धत उघड सांगते.

‘लोकांना काय आवडतं’ हा प्रश्न या यादीला झेपत नाही. पण एका रेडिओ केंद्राचा हौशी, मत द्यायला सरसावणारा श्रोतृवर्ग कोणती नावं मनात बाळगतो, आणि १९९६पासून त्या नावांत काय बदललं, हे सांगणारी इतकी लांब सलग नोंद दुसरीकडे सहज मिळणार नाही. चित्रपटांचं आणि गेमचं संगीत ‘अभिजात’च्या दारातून कधी, कसं आत आलं, हा प्रश्न तिला विचारा. जयंतीवर्षांचा मतांवर परिणाम दिसतो का, ते विचारा. केंद्राच्या प्रसारणाची नोंद मिळाली तर आधी वाजणं वाढतं की आधी मतं वाढतात, हेही तपासता येईल. माझा विषय शेवटी याच प्रश्नांतून उभा राहिला.

माझं वाक्य आता असं आहे : “क्लासिक एफएमच्या श्रोत्यांपैकी ज्यांनी स्वतःहून मतं नोंदवली, त्यांच्या एकत्रित क्रमवारीत ‘द लार्क असेंडिंग’ २००७ ते २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात पहिल्या स्थानी होती.” लांबलचक आहे, चमक गेली आहे. पण मौखिक परीक्षेत कुणी यातला कोणताही शब्द बोटानं दाखवला, तर माझ्याकडे उत्तर आहे.

आता तुमचा मसुदा काढा. आपण सगळेच गूगल फॉर्म बनवतो, चार व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, “प्लीज भरा आणि पुढे पाठवा” असं लिहितो. दोनशे उत्तरं आली की प्रकरणात वाक्य येतं : महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांचा कल अमुक गोष्टीकडे आहे. ती दोनशे पोस्टकार्डं कोणत्या झुमरीतलैयाहून आली आहेत, ते आधी बघा. मग पेन्सिल घ्या आणि ‘विद्यार्थ्यांचा’, ‘कल’ आणि ‘आहे’ या तीन शब्दांखाली रेघ मारून कामाला लागा.